मोठं भोक, मोठा भोपळा

"किती सीएफएम?"

ड्रॅग रेसिंगसाठी घरच्या गॅरेजमध्ये इंजिन बांधतोय म्हटलं की, इथे ओहायोत गाडीतलं थोडंफार कळणारा प्रत्येक माणूस हाच एक प्रश्न विचारतो. इंजिन किती इंचांचं, गाडीचं वजन किती, मागचा गिअर कुठला, कॅम कुठला... काही नाही. दहावीच्या पोराला "किती टक्के?" विचारावं तसं "हेड किती सीएफएमचं?" आकडा मोठा सांगितला की मान डोलते, लहान सांगितला की चेहरा पडतो. आणि यात आपले सॉफ्टवेअरवाले सगळ्यात पुढे, हे विशेष!

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाचं नाक-तोंड. हवा आणि पेट्रोल तिथून आत जातं, धूर तिथूनच बाहेर येतो. हेडमधली ही नळी म्हणजे पोर्ट, तिच्या टोकाला व्हॉल्व्ह. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा त्या पोर्टातून जाते. हे मोजायला फ्लो बेंच नावाचं यंत्र असतं. हेड त्याच्यावर ठेवायचं, व्हॉल्व्ह ठरावीक उंचीवर उघडून धरायचा, खालून हवा ओढायची आणि आकडा वाचायचा. हवा जास्त तर ताकद जास्त, इथपर्यंत सगळं बरोबर आहे.

बिघडतं ते पुढे. अमुक हेड २६० सीएफएमचं आणि तमुक २३० चं, म्हणून पहिलं चांगलं, हा निष्कर्ष चुकीचा आहे. घरी इंजिन बांधणाऱ्या माणसासाठी तर तो साफ चुकीचा आहे, आणि दुकानदारांना ते पक्कं ठाऊक असतं.

आपण लोक प्रोसेसरचे बेंचमार्क बघून हसतो ना? "हो, हो, पण आमचा प्रोग्राम त्यावर कसा पळतो ते सांग" म्हणतो ना? मग गॅरेजमध्ये शिरल्यावर ती अक्कल जाते कुठे? फ्लो बेंच हा बेंचमार्कच आहे. साधारण २८ इंच पाण्याच्या दाबावर, म्हणजे जेमतेम एक पीएसआयवर, हवा एकसारखी ओढत राहायची. खऱ्या इंजिनात एकसारखं काहीच नसतं. पिस्टन सुटतो, पळतो, थांबतो, व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो. शिवाय बेंचवर हवा कोरडी, इंजिनात तिच्याबरोबर पेट्रोलही असतं.

त्यात लबाडीला भरपूर वाव. सिलिंडरचा व्यास ४.०३ इंच असताना हेड त्याहून मोठ्या नळीवर ठेवून मोजलं की व्हॉल्व्हच्या कडेला भिंतीची अडचण राहत नाही आणि आकडा फुगतो. एक्झॉस्टला नळीचा तुकडा जोडला की फुगतो. दाब कमी-जास्त केला तर विचारूच नका. १० इंचांवरचा आकडा २८ इंचांवर न्यायला १.६७ ने गुणावं लागतं. तेव्हा दाब न लिहिलेला सीएफएमचा आकडा म्हणजे चलन न लिहिलेला पगार.

आता हिशेब करू. फ्लो बेंचवाल्यांचं एक जुनं सूत्र आहे: २८ इंचांवरचा सीएफएम गुणिले ०.२५७ गुणिले सिलिंडरांची संख्या, म्हणजे त्या हेडला झेपणारे जास्तीत जास्त हॉर्सपॉवर. शेवरोलेच्या १९९६ पासूनच्या ट्रकांत ३५० इंचांच्या इंजिनावर आलेली व्हॉर्टेक हेडं घ्या (ओतकामाचा नंबर ९०६ किंवा ०६२ वर संपतो). बीडाची साधी हेडं, १.९४ इंचांचा इनटेक व्हॉल्व्ह, ६४ सीसीचा चेंबर, पोर्ट साधारण १७० सीसी. कंपनीतून येतात तशीच २३० सीएफएमच्या आसपास जातात. सूत्रात घाला: सुमारे ४७० हॉर्सपॉवर! यातले पन्नास-साठ कमी पडले असं धरून चारशेच पकडू. ड्रायव्हरसकट ३२०० पौंडांची गाडी चारशे हॉर्सपॉवरने पाव मैल साधारण ११.६५ सेकंदांत जाते. (५.८२५ गुणिले वजन भागिले ताकद याचं घनमूळ. इथे भागाकार ८, घनमूळ २, तोंडी जमतं.) बारा सेकंदांच्या आत जायला भंगार बाजारातलं हेड पुरतं, असा याचा अर्थ. तुमची गाडी चौदात जात असेल तर अडचण सीएफएमची नाही.

आमच्या मराठी मंडळातल्या एका मुलाची गोष्ट. चांगला हुशार मुलगा, कामात कुठेही कमी नाही. ३५० इंचांचं इंजिन, रस्त्यावर चालेल असा लहान कॅम, मूळ टॉर्क कन्व्हर्टर, मागे ३.०८ चा गिअर. एका दुकानाने त्याला २२० सीसी पोर्टची हेडं विकली. "काका, दोनशे साठ!" असं ओरडतच त्याने फोन केला होता. स्ट्रिपवर काय झालं? पहिले ६० फूट २.०२ सेकंदांत व्हायचे ते २.१५ वर गेले. पाव मैल १३.६ चा १३.८ झाला. आणि गंमत म्हणजे शेवटचा वेग ताशी एका मैलाने वाढला! पैसे गेले, गाडी हळू झाली, आणि दुकान म्हणतं कॅम बदल, कन्व्हर्टर बदल, गिअर बदल. एका आकड्यापायी अख्खी गाडी बदलायची.

वेग वाढला आणि वेळही वाढली, यातच सगळं उत्तर आहे. वरच्या आरपीएमला ताकद आली, खालची गेली. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचल्यावर लगेच मिटत नाही. पिस्टन परत वर यायला लागला तरी तो काही काळ उघडाच असतो. त्या वेळात हवा आत जाते ती स्वतःच्या धावेने, धावत्या लोकलच्या मागच्या गर्दीसारखी, थांबायचं म्हटलं तरी ढकलली जाते. पोर्ट अरुंद असेल तर हवेला वेग असतो आणि ती आत घुसते. पोर्ट बोगद्याएवढा केला की कमी आरपीएमला हवा रेंगाळते, वर येणारा पिस्टन तिला परत ढकलतो, पेट्रोल भिंतीला चिकटून ओघळतं. फ्लो बेंचवर यातलं काहीच दिसत नाही, कारण तिथे पिस्टनच नाही.

आणखी एक. पिस्टनचा वेग सगळ्यात जास्त असतो तो वरच्या टोकापासून ७५ अंशांच्या आसपास. व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तो १०६ ते ११० अंशांवर. म्हणजे इंजिन हवेसाठी सगळ्यात जास्त हपापलेलं असतं तेव्हा व्हॉल्व्ह अजून उघडतच असतो. वरून, शेवटचा बिंदू सोडला तर प्रत्येक उंचीवरून व्हॉल्व्ह दोनदा जातो, उघडताना आणि मिटताना. मग जाहिरातीत ०.६ इंच उंचीवरचाच आकडा का छापतात? तो मोठा असतो म्हणून! साध्या व्हॉर्टेक हेडात तर ०.४७ इंचांच्या पुढे गेलं की स्प्रिंगचा रिटेनर खाली आपटायला लागतो. ०.६ चं कौतुक तुम्हाला काय कामाचं?

आता ग्राइंडरवाल्यांकडे वळतो. डाय ग्राइंडर हातात आला की माणसाला पहिला मोह होतो तो गास्केट हेडवर ठेवून, रेघ मारून, पोर्टाचं तोंड तेवढं मोठं करायचा. दिवसभर बीड उडवायचं, रात्री नाकातून काळं निघेपर्यंत (मास्क लावा रे बाबांनो), आणि हाती काय? तोंड रुंद, आत नळी तीच. हवा तोंडाशी मंदावते आणि पुढे पुन्हा वेग घेते. मॅनिफोल्डची कड पोर्टात पुढे येत नाही ना एवढं बघितलं की पुष्कळ झालं. दुसरा मोह आरशासारख्या पॉलिशचा. इनटेक पोर्टला ६० किंवा ८० नंबरची खरखर उत्तम. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोल साचतं. पुण्यात आरएक्स १०० चे पोर्ट चमकवून घेणारे आमचे मित्र आठवतात. (तिथे पोर्ट हेडात नसून सिलिंडरात असतात, पण चमकीचा रोग तोच.) तिसरा मोह पोर्टाचा तळ खरवडण्याचा, आणि तो सगळ्यात महाग, कारण तिथल्या वळणावरून हवेला व्हॉल्व्हकडे वळायचं असतं. ते वळण कापून सपाट केलं की हवा वळण सोडून सरळ समोर जाऊन आदळते. आणि जरा जास्त दाबलं तर पलीकडे पाणी. हेड गेलं भंगारात. ही जुनी हेडं काही झाडाला लागत नाहीत.

खरं काम असतं व्हॉल्व्हच्या सीटवर आणि तिच्या वर-खाली अर्ध्या इंचात. सीट ३०-४५-६० अशा तीन कोनांत कापलेली, व्हॉल्व्हच्या पाठीला ३० अंशांची एक पट्टी, आणि सीटखालच्या वाटीत कंपनीने कापताना राहिलेली धार हाताने मिटवलेली. गाइडभोवतीचा उंचवटा थोडा निमुळता. बस. सीट कापायचं काम मशीन शॉपला द्या, ते घरी होत नाही. बाकीचं दोन-तीन वीकएंडचं काम, ताट-वाटी घासण्याएवढं बीड निघतं. पण कमी आणि मधल्या उंचीवर हवा वाढते, आणि पोर्ट लहानच राहतो.

आणि मोजायचंच असेल तर पाणी मोजा. बारावीच्या प्रॅक्टिकलची ब्युरेट आठवते? तीच आणा. हेड उलटं ठेवून चेंबरवर ग्रीस लावून ॲक्रिलिकचा तुकडा बसवा, भोकातून रंगीत पाणी सोडा. आठही चेंबर सारखे आहेत का ते कळेल आणि कॉम्प्रेशनचा खरा हिशेब लागेल. ४.०३ च्या बोअरला एक सिलिंडर ७२७ सीसी. गास्केट, डेक आणि पिस्टनवरच्या खाचा मिळून १८-१९ सीसी धरले, तर ६४ सीसीच्या चेंबरला ९.८ कॉम्प्रेशन येतं आणि सत्तरच्या दशकातल्या ७६ सीसीच्या हेडाला ८.७. हा फरक गाडीत पहिल्या फुटापासून जाणवतो. याला फ्लो बेंच लागत नाही, आणि कुणी फसवूही शकत नाही.

"मग प्रो स्टॉकवाले एवढाले पोर्ट का ठेवतात?" असं कुणीतरी म्हणणारच. अहो, त्यांचं इंजिन ५०० इंचांचं, आणि २०१६ मध्ये एनएचआरएने मर्यादा घातली तीच मुळी १०,५०० आरपीएमची. त्याला मिनिटाला सुमारे १५०० घनफूट हवा लागते. तुमचं ३५५ इंचांचं इंजिन ६००० ला फिरतं, त्याला साधारण ६१६. पैलवानाची थाळी शाळकरी पोरापुढे ठेवून काय होणार?

ॲल्युमिनियमची तयार हेडं घेऊच नयेत असं मी म्हणत नाही. हलकी असतात, भोक पडलं तर वेल्डिंग करता येतं, आणि वेळ नसणाऱ्याने अवश्य घ्यावीत. फक्त दुकानात फोन लावाल तेव्हा पोर्ट किती सीसीचा, ०.२ पासून ०.५ इंचांपर्यंतचे सगळे आकडे काय, किती व्यासाच्या नळीवर आणि किती दाबावर मोजलेत, एवढं लिहून मागा. मी मागच्या महिन्यात तीन ठिकाणी मागितलं. एकाने अर्ध्या तासात अख्खा तक्ता पाठवला. दुसऱ्याने अजून पाठवलेला नाही. तिसरा म्हणाला, "सर, तुम्ही इंजिनिअर आहात का?"