कॅमेऱ्याला पट्टा हवा, दागिना नको

जुना रेंजफाइंडर कॅमेरा हातात आला की लोक आधी त्याला चामड्याचा पट्टा घेतात. तपकिरी, जाडसर, पितळी बकलचा. मग लाकडी टेबलावर कॉफीच्या कपाशेजारी ठेवून त्याचा फोटो काढतात, मोबाइलवर! त्या कॅमेऱ्याने पुढे काय टिपलं, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर बहुतेकांकडे उत्तर नसतं, कारण पहिला रोल अजून आतच असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हा पट्टा मिरवायला बनलेला आहे आणि ज्याला फोटो काढायचेत त्याने तो घेऊ नये.

हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे असं कोणी म्हणेल. पण कॅमेऱ्याची रचनाच वेगळं सांगते. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, त्यामुळे लेन्ससमोर काही आलं तर लगेच दिसतं. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस करायचा, त्यासाठीही पुढे आणखी एक छोटी खिडकी असते. १९६६ साली आलेल्या यशिका इलेक्ट्रो ३५मध्ये तर प्रकाश मोजणारा डोळाही पुढच्याच बाजूला, वरच्या पट्टीत आहे. जाड, ताठ पट्टा उभा फोटो घेताना पुढे लोंबतो. फोकसच्या खिडकीवर आला तर दुसरी प्रतिमा गायब. त्या डोळ्यावर आला तर कॅमेरा अंधार समजून शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. लेन्ससमोर आला तर तुम्हाला कळतसुद्धा नाही, रोल धुऊन आल्यावर कळतं. ३६ फोटोंच्या रोलमध्ये असे चार-पाच गेले, तर त्या पट्ट्याची खरी किंमत काय झाली?

‘पण चामडं टिकतं, पिढ्यान् पिढ्या जातं.’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने इकडचा पावसाळा काढलेला नाही. २०१९मध्ये जीआय मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची. तरी पहिला पाऊस पडला की ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जाते. चामड्याला पाणी सोसत नाही, दमट कपाटात त्याला बुरशी येते, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. आपण मात्र तेच चामडं चार महिने घामेजल्या मानेवर वागवून पुन्हा लेन्सच्या शेजारी ठेवायचं म्हणतो. लेन्सलाही बुरशीच धरते, हे विसरू नका. जुन्या कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या चामडी कव्हरचं तर बोलूच नये. त्यात बऱ्याचदा पट्टा कॅमेऱ्याला नसतोच, कव्हरला शिवलेला असतो आणि कव्हर खालच्या एका स्क्रूवर. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या शिवणीवर कॅमेरा टांगायचा?

टांगण्याचा हिशेब करूनच बघा. इलेक्ट्रो साधारण पाऊण किलोचा. तो हातातून सुटून अर्धा मीटर खाली आला आणि पट्ट्याने त्याला दोन सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर पट्ट्यावर सरासरी ताण येतो सुमारे २० किलो वजनाइतका. तो ताण चामड्याच्या जाडीवर येत नाही. तो येतो टोकाच्या शिवणीवर, चावीच्या रिंगसारख्या कडीवर आणि कॅमेऱ्याच्या बाजूला असलेल्या धातूच्या छोट्या कानांवर. साखळी सगळ्यात कच्च्या कडीपाशी तुटते. जाहिरात मात्र चामड्याच्या जाडीचीच असते. शिवाय आपटलेला रेंजफाइंडर वरून ठणठणीत दिसतो; फोकस सरकलाय हे पुन्हा रोल धुतल्यावरच कळतं. तो नीट करून देणारे कारागीरही आता मोजकेच.

मग घ्यायचं काय? दहा-बारा मिलिमीटर रुंदीची मऊ नायलॉनची पट्टी. गोल दोरी नको, ती मानेत रुतते. आधी सुतळी बांधून लांबी ठरवा: खांद्यावरून तिरपी घातली की कॅमेरा कमरेच्या वर राहावा, आणि न काढता डोळ्यापर्यंत यावा. मग बॅगा शिवणाऱ्याकडे जा. दोन्ही टोकं दुमडून चौकोनात फुली मारून शिवायला सांगा. कड्या पक्क्या बघून घ्या, त्यांच्यामागे सायकलच्या ट्यूबची चकती घाला, म्हणजे कॅमेऱ्याचा रंग खरवडणार नाही. झालं. एवढ्याला कोणी ‘हेरिटेज’ म्हणणार नाही, हाच त्याचा गुण.

आणि गाडी चालवताना कॅमेरा सॅकमध्येच ठेवा. चाकात ओढणी जाते तसा पट्टाही जाऊ शकतो. पातळ पट्टी मुठीएवढी गुंडाळून सॅकच्या कप्प्यात बसते. आमच्या पट्ट्यात हे महत्त्वाचं आहे, कारण कंपन्यांच्या गेटवर कॅमेरा दिसला की चौकशी सुरू होते.

‘सौंदर्याला काही किंमत नाही का?’ आहे ना. पण ते फोटोत शोधा. महाळुंग्यात काय सौंदर्य, असं विचारणाऱ्यांनी पहाटे पहिल्या शिफ्टच्या वेळी तळेगाव-चाकण रस्त्यावर उभं राहावं. कंटेनरच्या रांगेतून डबे घेऊन चालणारी पोरं, कांद्याच्या वावराला टेकलेली कंपनीची भिंत, नव्या इमारतीच्या सावलीत गेलेलं जुनं घर. यातलं बरंचसं पुढच्या वर्षी नसेल. ते टिपायला इथं कोणी बाहेरून येणार नाही. इथं राहणारे, इथं पगार घेणारे आपणच आहोत. आणि चकचकीत पट्टा छातीवर मिरवत त्या चौकात उभे राहिलात, तर लोक तुमच्याकडेच बघतील. साध्या पट्टीतल्या कॅमेऱ्याकडे दोन मिनिटांनी कोणी लक्ष देत नाही.

पट्ट्यावर खर्च करायला काढलेले पैसे रोलवर घाला. सुतळी घरात असेलच. लांबी आजच मोजून ठेवा.