कपातीची यादी गेटवर लावा!

वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघरच्या कामगार बंधू-भगिनींनो,

ऑर्डर घटली की कपात होते. पण पाड्यावरच्या वारली-कातकऱ्याचे आणि दलित वस्तीतल्या कामगाराचेच नाव आधी का, असे विचारले की उत्तर तयार असते : ‘आम्ही जात बघत नाही. बघतो म्हणता, तर सिद्ध करा.’

जातीवरून काढले, असे कोणताही मालक लिहून देत नाही. ‘खाडे फार’, ‘हात चालत नाही’ एवढेच तोंडी सांगतात. पण मनातला भेद लपवता आला, तरी कामावर लागल्याच्या तारखा लपत नाहीत.

नियम सरळ आहे : शेवटी आला, तो आधी जाईल. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात तो कलम 25-जी होता. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये कलम 71 आहे. त्याच कामातला जुना माणूस काढून नवा ठेवायचा, तर कारण लेखी नोंदवावे लागते. समजा, एका विभागात 40 कामगार आहेत, त्यांत 10 आदिवासी-दलित. काढलेल्या 8 जणांत 6 या दहांतले, आणि त्यांच्या मागून लागलेले अजून मशीनवर. मग खुलासा कोणी करायचा?

मालकानेच! सिद्ध करण्याचा भार असा बलवानावर टाकणे नवे नाही. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने, कर्ज वेठीचे नाही हे शाबीत करण्याचा भार कर्ज देणाऱ्यावर टाकला. त्याच कायद्याच्या बळावर श्रमजीवी संघटनेने याच वसई तालुक्यात वेठबिगार मुक्त केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये ड्यूक पॉवर खटल्यात ठरवले : वरवर सारखा दिसणारा नियम कृष्णवर्णीयांनाच बाहेर ठेवत असेल आणि कामाशी त्याचा संबंध कंपनीला दाखवता येत नसेल, तर तो बेकायदा, हेतू वाईट नव्हता, हा बचाव चालत नाही. नोकरीतील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक 111 भारताने 1960 मध्ये स्वीकारला. खासगी कारखान्यातल्या जातिभेदावर स्वतंत्र कायदा मात्र अजून नाही.

आजच करा :
• पीएफचे पासबुक काढा. पहिल्या भरण्याचा महिना हा नोकरीचा पुरावा आहे.
• पगारचिठ्ठी, गेटपास, हजेरीकार्डाचे फोटो जपा.
• कोण कधी लागला, कोण गेला, कोण राहिला, याची विभागवार यादी मिळून करा.
• कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू नका.
• वर्षभरात नवी भरती झाली, तर आधी आपला हक्क, हे लेखी मागा.

आमच्या मागण्या :
1. कपातीपूर्वी ज्येष्ठता यादी गेटवर लागलीच पाहिजे; ठेकेदाराच्या कामगारांचीही.
2. क्रम मोडला, तर प्रत्येक नावापुढे लेखी कारण हवे.
3. भेद झाला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाका.

यादी लागल्याशिवाय कपात मान्य नाही!