यंत्र कोणाचे, निर्णय कोणाचा?

गरोदर स्त्रीची प्रकृती निकोप, आधीचे बाळंतपण सुखरूप, तक्रार कसलीही नाही. तरीही खासगी दवाखान्यात पुनःपुन्हा तिच्या हाती सोनोग्राफीची चिठ्ठी पडते. ही तपासणी कशासाठी, तिच्यातून काय कळणार, ती न केल्यास काय बिघडेल, हे तिला सांगण्याची गरज क्वचितच कोणाला वाटते. पैसे तिने मोजायचे, निर्णय मात्र दुसऱ्यांनी घ्यायचा!

यावर बोट ठेवले की विज्ञानविरोधाचा आरोप होतो. मग विज्ञानच काय सांगते ते पाहू. अमेरिकेत कमी जोखमीच्या सुमारे १५,००० गर्भवतींच्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. सरसकट सोनोग्राफीमुळे अर्भकांचे मृत्यू वा गंभीर आजार घटल्याचे त्यात आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटना २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी सुचवते, ती दिवस नेमके मोजता यावेत, जुळे वा व्यंग वेळीच कळावे म्हणून. अशी तपासणी झालेली असेल तर त्यानंतर सरसकट दुसरी नको, असे तिने २०२२ साली स्पष्ट केले. रक्तस्राव झाला, गर्भाची वाढ खुंटली, वार खाली असल्याची शंका आली, तर गोष्ट वेगळी. तेथे हे यंत्र जीव वाचवते. आमचा विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या आडून चालणाऱ्या व्यापाराला आहे.

सोनोग्राफीपूर्वी स्त्रीची सही घेतली जातेच, असे कोणी म्हणेल. परंतु ती सही कशावर असते? गर्भाचे लिंग जाणण्याची इच्छा नाही, या निवेदनावर. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा केंद्रीय कायदा स्त्री-चळवळीने लढून मिळवला आहे. तो तसूभरही सैल होता कामा नये. तथापि ते निवेदन म्हणजे समजून-उमजून दिलेली संमती नव्हे. उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके व पर्याय सांगितल्याविना घेतलेली संमती खरी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच बजावले आहे.

आणि जिला तपासणीची खरी निकड आहे तिचे काय? सरकारी रुग्णालयात गर्भवतीला सोनोग्राफी मोफत मिळेल, असे वचन २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने दिले. पण जेथे यंत्र आहे तर डॉक्टर नाही, तेथे मजूर स्त्रीने रोजगार बुडवून, कर्ज काढून शहर गाठायचे. एकीकडे अनावश्यक चिठ्ठ्यांचा सुकाळ, दुसरीकडे आवश्यक तपासणीचा दुष्काळ: आरोग्य बाजाराच्या हवाली केल्याचे हे अटळ फळ आहे.

म्हणून मागणी दुहेरी आहे. आवश्यक ती सोनोग्राफी प्रत्येकीला सरकारी रुग्णालयात, घराजवळ व मोफत मिळाली पाहिजे. आणि प्रत्येक तपासणीपूर्वी तिच्याच भाषेत तिला सारे सांगितले गेले पाहिजे. ‘नको’ म्हणणाऱ्या स्त्रीला धाक न घालता तिचा नकार मानला गेला पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे, तिचा हक्क आहे.