मदतनीस हवाच, पण आधी दुकानाचे दार उघडा

ऑनलाइन खरेदीच्या ॲपमध्ये आता एआय मदतनीस आले आहेत. ॲमेझॉनने 'रुफस' भारतात 2024 मध्ये आणला. काय हवे ते साध्या भाषेत विचारले की असा मदतनीस दोन-चार वस्तू सुचवतो, इतर ग्राहकांच्या अभिप्रायांचे सार सांगतो. त्यामुळे अंध ग्राहकांचा प्रश्न सुटला, असे काही जण म्हणू लागले आहेत. आम्हाला हे मान्य नाही.

अंध व्यक्ती मोबाईल स्क्रीन रीडरच्या आधारे वापरते. अँड्रॉइडमधील टॉकबॅक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. पण ॲप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिले नसेल, तर ते नुसते "बटण" म्हणते. साइजचा तक्ता किंवा पाकिटावरचे घटक फक्त फोटोत असतील, तर तेही हाती लागत नाहीत. ही उणीव ॲप बनवणाऱ्यांनी ठेवलेली आहे.

एआय फोटोचे वर्णन करतो, हे उपयोगाचेच आहे. पण तो चुकला तर? डोळस ग्राहक फोटो पाहून खात्री करतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या अंध ग्राहकाने ती कशी करायची? शिवाय हा मदतनीस दुकानदाराचाच. शेकडो वस्तूंमधून त्याने नेमक्या चारच का सांगितल्या, हे कोण विचारणार? आणि वस्तू निवडली तरी पैसे भरण्याचे बटण बिननावाचे असेल, तर शेवटी फोन आणि ओटीपी शेजाऱ्याच्याच हाती द्यावा लागतो.

वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत कळणे हा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 46 खासगी सेवांनाही सुगम्यतेच्या नियमांत आणते. हे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात बजावले. 30 एप्रिल 2025 च्या निकालात तर डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा कलम 21 मधील जीवनाच्या हक्काचा भाग मानला. हक्काच्या जागी मदतनीस देऊन कुणालाही सुटता येणार नाही.

कार्यकर्त्या मित्रांनो, एकदा टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि एक साबण मागवून पाहा. जिथे अडाल, तिथली तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवा. अंध साथींना सोबत घ्या आणि त्यांनाच पुढे बोलू द्या.