कमरेचा उसना आकडा

माझ्या दवाखान्यातल्या टेबलाच्या दुसऱ्या खणात एक टेप असते. पिवळी, कापडी, शिंपी गळ्यात अडकवतात तसली. परवा ती सहज पोलादी पट्टीला लावून पाहिली, तर शंभराची खूण दीड सेंटिमीटर पुढे सरकलेली. वापरून वापरून ताणली गेली होती. म्हणजे ज्या बाईंच्या केसपेपरवर मी ७९ लिहून पुढे गेलो, त्यांची कंबर ८० च्या वर होती. ज्या गृहस्थांची ८९ लिहिली, ते ९० ओलांडून बसले होते. त्याच दिवशी फायबरग्लासची नवी टेप आणली. पण हे ८० आणि ९० आले कुठून, आणि आपल्याखेरीज आणखी कोणाच्या कमरेला ते लावले जातात, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००५ साली मेटाबॉलिक सिंड्रोमची व्याख्या केली, तेव्हा कमरेची मर्यादा वंशागणिक वेगळी धरली. युरोपीय पुरुषांना ९४, दक्षिण आशियाई पुरुषांना ९०, दोन्हीकडच्या स्त्रियांना ८०. त्याच तक्त्यात खाली एक ओळ आहे, जिच्यावरून आपली नजर नेहमी घसरून जाते: दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या लोकांसाठी, त्यांची स्वतःची पुरेशी माहिती मिळेपर्यंत, दक्षिण आशियाई आकडे वापरावेत. ग्वाटेमालातल्या कॉफीमळ्यावर राबणाऱ्या माणसाच्या पोटाला जी मर्यादा लावायची, ती आपल्याकडून उसनी नेलेली आहे. हाच माणूस टेक्सासात गेला की त्याच्या डॉक्टरसमोर बहुधा २००१ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेतले आकडे असतात, पुरुषाला १०२ आणि बाईला ८८. ९६ सेंटिमीटर कमरेचा मेक्सिकन-अमेरिकन पुरुष एका तक्त्यात धोक्यात आहे आणि दुसऱ्यात धडधाकट.

हिस्पॅनिक लोकांच्या चरबीवर आपल्या मासिकात संपादकीय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर अमेरिकेतल्याच एका तुलनेत आहे. तिथल्या ‘मेसा’ या मोठ्या हृदयरोग-अभ्यासात गोरे, कृष्णवर्णीय, चिनी आणि हिस्पॅनिक असे चार गट होते. दक्षिण आशियाई त्यात नव्हतेच. म्हणून सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोत ‘मसाला’ नावाचा जोड-अभ्यास उभा राहिला आणि आपल्याकडच्या ९०६ स्थलांतरितांची तपासणी त्याच पद्धतीने झाली. २०१७ मध्ये दोन्हींची माहिती एकत्र मांडली गेली. प्रश्न साधा होता: ज्यांचे वजन ‘नॉर्मल’ आहे, त्यांच्यापैकी किती जणांत रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल या चारांतले किमान दोन बिघडलेले आहेत? गोऱ्यांत २१ टक्के. हिस्पॅनिकांत ३८.५. आपल्यात ४३.६. आणि आपल्यासाठी नॉर्मलची वरची मर्यादा २३ च्या आत धरली होती, त्यांच्यासाठी २५ च्या आत. गोऱ्या माणसाला बीएमआय २५ ला जेवढा चयापचयाचा बिघाड होतो, तेवढा हिस्पॅनिक माणसाला २१.५ ला आणि आपल्याला १९.६ ला गाठतो, असेही त्यात निघाले. टक्केवारी पाहिली तर पाचही गटांत आपल्या सर्वांत जवळ हिस्पॅनिकच उभे आहेत.

आता ‘ओव्हरवेट’ या शब्दाकडे येतो, कारण या अंकाचा खरा रोख त्यावर आहे. लठ्ठ माणसाची आपण काळजी करतो. सडपातळ माणसाला मधुमेह निघाला की चकित होऊन का होईना, लक्ष देतो. मधल्या पट्ट्यातल्या माणसाला मात्र ‘थोडं वजन कमी करा’ एवढे सांगून दारापर्यंत पोचवतो. हा पट्टाच सर्वांत फसवा आहे. बीएमआय २७ च्या दोन बायका घ्या. एकीच्या मांड्या-नितंब भरलेले, कंबर ७८, ट्रायग्लिसराइड ९०. दुसरीचे पाय काटक्यांसारखे, पोट पुढे, कंबर ९२, मानेवर काळसर मखमली पट्टा. वजनकाट्याला दोघी सारख्याच. मार्सेयच्या जाँ वाग यांनी चरबीची ही पुरुषी आणि बायकी ठेवण १९४७ सालीच वेगळी करून दाखवली होती. तेव्हापासून आजवर काट्यावरचा आपला विश्वास मात्र तसूभरही कमी झालेला नाही.

टेक्सासात सॅन अँटोनिओ शहरात १९७९ पासून मेक्सिकन-अमेरिकन आणि गोऱ्या रहिवाशांचा शेजारी-शेजारी अभ्यास झाला. मेक्सिकन-अमेरिकनांत मधुमेह कितीतरी जास्त, आणि लठ्ठपणाचा हिशेब वजा केला तरी तो फरक पुसला जात नव्हता. संशोधकांनी खांद्याच्या पाठीमागची घडी आणि दंडाची घडी कॅलिपरने मोजली. मेक्सिकन-अमेरिकनांची चरबी हातापायांवर कमी आणि धडावर जास्त होती. इथे पुण्याजवळच्या शिरूर तालुक्यातल्या गावांची आठवण येणे साहजिक आहे. के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून तिथल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळे पाहिली. २.७ किलोंची ती बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सगळीकडून बारीक होती, फक्त खांद्यामागची चरबीची घडी त्या मानाने टिकून होती. दोन खंडांत, एकमेकांची गाठ न पडता, संशोधकांनी कॅलिपर त्याच जागी लावला आणि त्यांना जवळपास तीच गोष्ट सापडली.

हे का होते, ते रुग्णाला सांगताना मी कणगीचे उदाहरण देतो. त्वचेखालची चरबी, विशेषतः मांड्या-नितंबांवरची, ही घरातली कणगी. येईल ते धान्य तिथे सुरक्षित राहते. कणगी लहान असली की उरलेले माजघरात, मग देवघरात, मग चुलीशेजारी पसरायला लागते. शरीरात ही चुलीशेजारची जागा म्हणजे यकृत, स्वादुपिंड, स्नायू आणि आतड्यांभोवतीचा पदर. यकृतात चरबी साठली की ते इन्शुलिनचे ऐकेनासे होते, रात्रभर साखर सोडत राहते आणि ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात लोटते. ज्यांच्याकडे कणगीच नाही, त्या लिपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांत अंगावर चरबी नसताना भयंकर मधुमेह आणि गच्च भरलेले यकृत दिसते. चरबी किती यापेक्षा ती कुठे, याचा यापेक्षा ठळक पुरावा मला ठाऊक नाही.

उलट बाजूचा पुरावा लॉस एंजेलिसचा आहे. गरोदरपणात मधुमेह झालेल्या २६६ हिस्पॅनिक बायकांना ट्रोग्लिटॅझोन किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन पाहिले गेले. २००२ साली निष्कर्ष आले: दर वर्षी मधुमेह होण्याचे प्रमाण १२.१ टक्क्यांवरून ५.४ वर उतरले. त्याआधीच, यकृताला घातक ठरल्याने, ते औषध बाजारातून गेले होते. पण त्याचे भावंड पायोग्लिटॅझोन आपल्या हातात आहे. २०१३ मध्ये आपल्याकडे ते बंद होऊन काही आठवड्यांतच परत आले, ते अनेकांना आठवत असेल. ही औषधे कणगी मोठी करतात. यकृतातली चरबी त्वचेखाली जाते, वजन दोन-तीन किलो वाढते आणि साखर सुधारते. नुसत्या काट्यावर जोखले असते तर हे औषध नापास झाले असते. सूज, हृदय अशक्त असलेले रुग्ण आणि हाडे सांभाळूनच ते द्यायचे असते, हे वेगळे सांगायला नको. मुद्दा गोळीचा नाही, तिने शिकवलेल्या शरीरशास्त्राचा आहे.

यकृतावर थोडे अधिक थांबतो. डॅलसमध्ये झालेल्या पाहणीत हिस्पॅनिकांपैकी ४५ टक्के लोकांच्या यकृतात जादा चरबी निघाली, गोऱ्यांत ३३ आणि कृष्णवर्णीयांत २४ टक्के. २००८ मध्ये त्याच गटाला पीएनपीएलए-३ या जनुकातला एक बदल सापडला, जो यकृतात चरबी धरून ठेवतो. हिस्पॅनिकांत तो सर्वांत जास्त आढळतो, जवळजवळ निम्म्या जनुकप्रतींमध्ये. या बदलाची गंमत म्हणा वा धोका म्हणा, तो यकृत भरतो आणि पुढे कडकही करतो, पण त्या प्रमाणात इन्शुलिन रेझिस्टन्स वाढवत नाही. म्हणून साखर ठीक आहे एवढ्यावर यकृताला सुटी देता येत नाही. आपल्याकडे सोनोग्राफीच्या रिपोर्टावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ आले की ‘हे सगळ्यांनाच असतं’ म्हणून आपण कागद उलटा ठेवतो. मीही वर्षानुवर्षे ठेवला आहे. वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून फिब-४ काढायला अर्धे मिनिट लागते. १.३ च्या वर गेला तर फायब्रोस्कॅनला पाठवायचे. ते अर्धे मिनिट त्या रुग्णाचे आहे.

जनुकांबद्दल बोललो की लगेच ‘त्यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य तयार असते. ते मला मान्य नाही. मेक्सिकोत एसएलसी-१६ए-११ नावाचा जनुकप्रकार सापडला, निअँडरथल मानवाकडून आलेला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या वंशात तो भरपूर आढळतो आणि त्याची प्रत्येक प्रत मधुमेहाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी वाढवते. बातमी जगभर गेली. पण तिच्याशेजारी पिमा लोकांची गोष्ट ठेवायला हवी. हे हिस्पॅनिक नव्हेत, मूळ रहिवासी. पण मेक्सिकन वंशाचा मोठा भाग अशाच लोकांकडून येतो. ॲरिझोनातल्या पिमांत मधुमेह ३८ टक्के. सीमेपलीकडे सोनोरा राज्याच्या डोंगरात मायकोबा गावाभोवती शेती करणाऱ्या पिमांत ६.९ टक्के. वंश तोच. एकीकडे गाडी आणि डबाबंद अन्न, दुसरीकडे उतारावरचे शेत आणि चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेल्या मक्याच्या पोळ्या.

शिवाय ‘हिस्पॅनिक’ हा शब्द मुळात जनगणनेच्या रकान्यातला. त्यात क्यूबाचे, पोर्टो रिकोचे, डॉमिनिकन, मेक्सिकन, मध्य आणि दक्षिण अमेरिकन असे सगळे कोंबलेले आहेत. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथे २००८ ते २०११ दरम्यान सोळा हजारांहून अधिक लॅटिनो प्रौढांचा अभ्यास झाला. मधुमेह एकूण १६.९ टक्के. पण दक्षिण अमेरिकन वंशाच्या लोकांत १०.२ आणि मेक्सिकन वंशाच्या लोकांत १८.३. एका नावाखाली जवळजवळ दुपटीचा फरक लपला होता. त्याच अभ्यासात मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या बायकांपैकी ९६ टक्क्यांचे पोट सुटलेले होते, पुरुषांत ७३ टक्क्यांचे. म्हणजे अशा चारांतला एक पुरुष कमरेच्या मर्यादेत राहूनही आजारी होता, त्या मर्यादा १०२ च्या असताना. उसने आकडे लावले असते तर यातले कितीतरी वेळीच हाती लागले असते. आपणही ‘भारतीय’ या एका शब्दाने कोकणातला खलाशी, मराठवाड्यातला ऊसतोड कामगार आणि हिंजवडीतला संगणक-अभियंता एकाच टेपने मोजतो. उसने देणाऱ्यानेही आपला आकडा तपासून घ्यावा, तो काही दगडावर कोरलेला नाही. उंचीचा हिशेब धरायचा तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, ही ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये दिलेली खूण मला रुग्णाला समजावायला सर्वांत सोपी वाटते. दोरी घ्या, उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि कमरेभोवती गुंडाळून पाहा. टेप नसली तरी चालते, आशाताईंना तर हे एका बैठकीत शिकवता येते.

मोजण्याची रीतही नीट हवी. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, टेप जमिनीला समांतर, श्वास सहज सोडल्यावर. साडीवरून घेतलेले माप हे माप नव्हे. परकराची नाडी सैल करायला सांगावी लागते. त्यासाठी पडदा हवा, सिस्टर शेजारी हव्यात, आणि आपल्या आवाजात घाई नको. नाडीच्या जागी मोजलेला घेर आणि मधोमध मोजलेला घेर यांत मी तीन-चार सेंटिमीटरचा फरक पाहिला आहे. पुरुष पोट आत ओढतात. त्यांना काहीतरी विचारावे, ते बोलू लागले की पोट आपोआप सुटते.

आणि केसपेपरवर वजनाच्या शेजारी कमरेचा रकाना छापून घ्यावा. रकाना असला की तो भरावा लागतो. वाचकांपैकी जे टेक्सासात, कॅलिफोर्नियात किंवा शिकागोत काम करतात, त्यांच्याकडे तर एकाच सकाळी आपली आणि मेक्सिकन माणसे एकाच बाकावर बसलेली असतात. त्यांनी दोघांची मापे घेऊन ठेवावीत आणि आम्हाला कळवावे. आम्ही ती छापू.

नवी टेप आणल्यावर सिस्टरांनी जुने केसपेपर काढले. ७९ किंवा ८९ लिहिलेले ४१ निघाले. त्यांना बोलावून पुन्हा मोजायचे ठरले आहे. आज संध्याकाळपर्यंत २३ जणांना फोन झाले. सहा जणांचे नंबर बदललेले आहेत, त्यांच्या पत्त्यावर पोस्टकार्डे लिहायला घेतली आहेत.