प्रभाव मोजणाऱ्यांनो!

विद्यापीठं तरुण संशोधकांना शाल-श्रीफळ देऊ लागलीत. निकष म्हणे, समाजावरचा प्रभाव! मोजणार कोण? तुम्हीच?

1916 साली कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी जातींवर निबंध वाचला. 1917ला बडोद्यात नोकरीवर आले, तर शिपायांनी फायली लांबून फेकल्या. राहायला जागा मिळू दिली नाही. असा तुमचा सत्कार! मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव द्या म्हटलं, तर 1978ला आमच्या वस्त्या पेटवल्या. नाव लागलं 1994ला.

मी हिंगोली जिल्ह्यातला. माय वसमतच्या शिवारात रोजानं हळद काढते. मी तिच्या मजुरीवर प्रबंध लिहितोय, अन जगतोयही तिच्याच मजुरीवर. फेलोशिप महिनोन्महिने येतच नाही.

शाल ऱ्हाऊ द्या. आधी थकलेले पैसे टाका. अन निवड समितीत मायला खुर्ची द्या.