विसाव्याचा हिशेब

शर्यत म्हटली की वेग डोळ्यांपुढे येतो. परंतु जी शर्यत कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे चालते, तिचे नियोजन वेगापासून नव्हे, विसाव्यापासून सुरू होते. केव्हा थांबावे, किती झोपावे आणि काय खावे, याचा हिशेब तेथे आधी मांडावा लागतो.

१९८३ साली ऑस्ट्रेलियात सिडनी ते मेलबर्न अशी ८७५ किलोमीटरची शर्यत झाली. रात्री सुमारे सहा तास झोपावे आणि उरलेला वेळ धावावे, असा अनुभवी धावपटूंचा रिवाज होता. त्यांच्यात क्लिफ यंग हे ६१ वर्षांचे, बटाट्याची शेती करणारे शाकाहारी गृहस्थ उभे राहिले. पाय फारसा न उचलता, जमिनीलगत सरकत जावे अशी त्यांची धाव होती. पहिल्या दिवशी ते पुष्कळ मागे पडले. रात्री इतर स्पर्धक झोपले असता यंग अल्पशा विश्रांतीनंतर वाटेला लागले आणि त्याच रात्री सर्वांच्या पुढे गेले. ५ दिवस १५ तास ४ मिनिटांत त्यांनी अंतर पूर्ण केले आणि त्या मार्गावरील आधीचा विक्रम जवळजवळ दोन दिवसांनी मोडला. त्यांचा सरासरी वेग होता ताशी सुमारे साडेसहा किलोमीटर. दहा हजार डॉलरचे बक्षीस त्यांनी इतर धावपटूंमध्ये वाटून टाकले.

मंद गतीचे बळ शरीराच्या रचनेत आहे. वेग वाढला की स्नायूंतील साखरेचा साठा झपाट्याने संपतो आणि पोटाकडील रक्तपुरवठा घटल्याने अन्न पचत नाही. गती संथ असली की शरीर चरबीवर चालू शकते आणि थोडे थोडे खाल्लेले अंगी लागते.

मग झोप सोडणे हेच यशाचे गमक मानावे काय? न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९९७ पासून होणारी ३१०० मैलांची शर्यत याचे उत्तर देते. एका शाळेभोवतीच्या सुमारे ८८३ मीटरच्या पदपथावर ५६४९ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ ४९८९ किलोमीटर, ५२ दिवसांत पूर्ण करावयाच्या असतात. मार्ग सकाळी सहा ते मध्यरात्रीपर्यंतच खुला असतो; रात्रीचा विसावा नियमानेच ठरलेला. पायांवरचा भार समतोल राहावा म्हणून फेऱ्यांची दिशा रोज बदलतात. सुजलेल्या पायांसाठी मोठे बूट घेतात, प्रसंगी बुटांचा पुढचा भाग कापूनही टाकतात.

येथे रोज सरासरी ९६ किलोमीटर व्हावे लागतात. समजा, आजारपणामुळे एके दिवशी साठच झाले. छत्तीसची ती तूट दुसऱ्याच दिवशी भरून काढू पाहणारा धावपटू दुखापत ओढवून घेतो. तीच तूट पुढील नऊ दिवसांवर वाटली तर रोज चार किलोमीटर, म्हणजे साधारण साडेचार फेऱ्या वाढतात, आणि त्या झेपतात. फिनलंडचे आश्प्रिहानाल आल्तो यांनी २०१५ मध्ये हेच अंतर ४० दिवस ९ तासांत पूर्ण केले. रोजची सरासरी १२३ किलोमीटरांहून अधिक पडली, तरी मध्यरात्रीनंतरचा विसावा त्यांनाही होताच.

दिवाळीच्या दिवसांत दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवता येते; वर्षभर तसे करू जाणारा पेढी आणि प्रकृती दोन्ही गमावतो. यंग यांची वाट पाच दिवसांची होती, म्हणून झोपेची उधारी त्यांना फेडता आली. बावन्न दिवसांच्या वाटेवर त्याच उधारीचे व्याज मुद्दलाहून मोठे होते. आपली वाट किती लांब आहे हे ओळखून विसावा ठरवावा. वेग त्यानंतर ठरवावा.